पाचशेची दुनळी आणि सासूबाईंचा आरसा

मामाची दुनळी रायफल उडवली की माणसाला आपलं नाव आठवायला थोडा वेळ लागतो. माझं झेन्झो. बघा, लवकर आलं. सरावाने येतं.

ही दुनळी पाचशे बोअरची. काडतूस मधल्या बोटाहून लांब. हत्ती किंवा रानरेडा अंगावर धावून आला, तर त्याला आहे तिथे थांबवायचं एवढंच तिचं काम. मामाने तिचं नाव बिशप ठेवलंय, कारण ती बोलली की सगळे गुडघ्यावर येतात. समोर असलेलेही, मागे असलेलेही.

लुपाने गावाच्या पुढे आमच्या रानात शिकाऊ शिकाऱ्यांची परीक्षा वर्षातून एकदाच होते, ऑक्टोबरात, म्हणजे ज्या दिवसांत सावलीलाही घाम येतो. परीक्षा पास झालात की शिकाऱ्याचा परवाना. नापास झालात तर आणखी एक वर्ष दुसऱ्याच्या जीपचं पंक्चर काढायचं. आणि जिच्याशी माझं लग्न ठरलंय त्या नोमालांगाच्या घरच्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, ‘पोरगी शिकाऱ्याला देऊ, पंक्चरवाल्याला नाही.’

लेखी पेपर मी काढला होता. माग काढणं, प्रथमोपचार, सगळं झालं होतं. उरली होती नेमबाजी, आणि नेमबाजीत माझा एकच दोष होता: चाप ओढताना मी डोळे मिटायचो.

“अरे, धक्का म्हणजे पाहुणा,” मामा म्हणायचा. “दारात अडवलास तर दार मोडून आत येतो. ये म्हणायचं त्याला. खांदा मागे जाऊ दे, कंबर वळू दे, फक्त पाय हलवू नकोस. डावा पाय पुढे, भार पुढच्या पायावर. दस्ता खांद्यात घट्ट.”

“आणि डोळे?”

“पाहुणा आल्यावर डोळे मिटतोस का तू?”

“येणाऱ्या पाहुण्यावर अवलंबून आहे, मामा.”

“मुठी सैल सोडू नकोस. तुझ्या आईला मी शब्द दिलाय.”

मुठी सैल सुटल्या, तर पुढच्या चापावरचं बोट धक्क्यात मागच्या चापावर जातं आणि दोन्ही नळ्या एकदम सुटतात. आम्ही त्याला ‘जुळं’ म्हणतो. मामाला आयुष्यात एकदाच जुळं झालं. तो अजूनही जिना चढताना डाव्या खांद्याने सुरुवात करतो.

तरी मी निवांत होतो. कारण परीक्षेत डोळ्यांवर लक्ष ठेवायला वन्यजीव खात्याचा जो माणूस यायचा, तो मलेरियाने आडवा झाला होता, आणि त्याच्या जागी येणार होत्या त्याच खात्यातल्या नोमालांगाच्या आई.

आमच्यात जावयाने सासूच्या तोंडाकडे बघायचं नसतं. सासूने जावयाकडे बघायचं नसतं. नाव घ्यायचं नाही, थेट बोलायचं नाही, एका वाटेवर समोरासमोर आलो तर एकाने झुडपात जायचं. लग्न ठरलं की हे सुरू. मी गेल्या पावसाळ्यात त्यांच्यासाठी इतक्या वेळा झुडपात गेलोय की झुडपं मला ओळखतात.

म्हणजे, माझे डोळे बघायला नेमलेल्या बाईंना माझे डोळे बघायची मनाई होती. देव आहे, असं मला त्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं.

परीक्षेच्या सकाळी त्या आल्या. खाकी गणवेश, डोक्याला फडकं, हातात घडीचं स्टूल. माझ्या डावीकडे काही पावलांवर बाभळीसारख्या काटेरी झाडाखाली त्यांनी स्टूल मांडलं आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी मनात प्रार्थनेचं दुसरं कडवं सुरू केलं. तेवढ्यात त्यांनी खिशातून गुलाबी चौकटीचा गोल आरसा काढला आणि खांद्याच्या उंचीला धरला.

आरसा मी ओळखला. नाताळात नोमालांगाला मीच दिला होता.

“हे चालतं का?” मी मदाला हार्टनेलना विचारलं. मदाला म्हणजे म्हातारा, पण आदराने. हार्टनेल गोरे, लुपानेतच जन्मलेले, मुख्य परीक्षक. त्यांच्या नाकावर मधोमध एक खाच आहे. ती एका मोठ्या रायफलीच्या धक्क्यात त्यांच्याच अंगठ्याने पाडलेली आहे.

“मी गोरा माणूस. तुमच्या रिवाजात मी काय बोलणार?” ते म्हणाले.

“मदाला, त्यांना सांगा,” झाडाखालून आवाज आला, “रिवाजात आरशाचा उल्लेख नाही.”

“रिवाजात आरशाचा उल्लेख नाही,” हार्टनेल मला म्हणाले. आम्हा तिघांत मिळून एक बैलगाडी उभी राहील एवढंच अंतर होतं.

“ऐकलं मी, मदाला.”

“त्याने ऐकलं, मादुबे.”

“ऐकलं मी,” झाडाखालून उत्तर आलं.

त्यांचं नाव हार्टनेल घेतात, मी नाही. मी हे कान झाकून लिहितोय.

पहिली फेरी साधी होती आणि म्हणूनच दुष्ट. हार्टनेल माझ्या पाठीमागून बिशपमध्ये काडतुसं भरणार. त्यात एक नकली. कोणतं ते मला ठाऊक नाही. खरं काडतूस उडालं तर धुरात आणि आवाजात कोण काय मिटतंय ते कुणाला कळत नाही. नकली असलं की नुसतं टक् होतं, आणि त्या शांततेत माणूस सापडतो. नियम असा: डोळे एकदा मिटले तर ताकीद, दुसऱ्यांदा मिटले तर घर.

पहिलं उडालं. पाहुणा आला, खांद्यावर बसला, गेला. समोरच्या वारुळावरची नेमाची पांढरी खूण नाहीशी झाली. वारुळही बरंचसं गेलं. माझ्या अंगात ढोल वाजायला लागले. खोटं कशाला बोलू, त्या धक्क्यात एक मजा आहे. रानाने आपल्याला दोन्ही हातांनी धरून हलवावं आणि ‘जागा आहेस ना?’ म्हणावं, तसं काहीतरी. मला आणखी हवं होतं.

दुसऱ्यांदा चाप ओढला. टक्.

नळी खाली गेली, जणू बिशपने मान डोलावली. खांदा न आलेल्या धक्क्याला तोंड द्यायला स्वतःहून मागे उडाला. आणि डोळे असे घट्ट मिटलेले की उघडायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला.

लांब गाडीजवळ उभा असलेला मामा दुसरीकडे बघायला लागला. माझ्या नातेवाईकांत त्या दिवशी माझ्याकडे थेट बघायला कुणी तयारच नव्हतं.

“मदाला, त्यांना सांगा, डोळे मिटले.”

“डोळे मिटले.”

“त्यांना हेही सांगा, जीभसुद्धा बाहेर आली होती.”

“जीभ—”

“ऐकलं, मदाला.”

आता शेवटची फेरी, दोन्ही काडतुसं खरी. लाकडी रानरेडा. फळ्यांचा, खऱ्याएवढा, सायकलच्या चाकांवर. तोंड म्हणजे बोल्टांनी बसवलेली एक जाड सागवानी फळी, तिच्यावर दोन डोळ्यांच्या मध्ये बशीएवढं लाल वर्तुळ, आणि खाली लोखंडी कडी. कडीला दोर. दोर माझ्या पायाजवळ ठोकलेल्या पहारीला वळसा घालून थेट मामाच्या गाडीच्या मागे बांधलेला. मामा गाडी पळवणार की रेडा माझ्या अंगावर येणार. तो पोचायच्या आत वर्तुळात दोन गोळ्या. डोळे उघडे.

“मामा, हळू ने हं!” मी ओरडलो.

“दुसऱ्या गियरच्या वर जात नाही! आईशप्पथ!” मामा ओरडला, गाडीत बसला आणि स्तोत्र म्हणायला लागला. मामा स्तोत्र म्हणायला लागला की त्याला बाकी काही ऐकू येत नाही, आणि कडवं चढलं की पायही चढतो.

गाडी सुटली. दोर ताणला. रेडा निघाला.

पहिले काही क्षण तर तो विनोदीच दिसत होता. चाकं किरकिरत होती, एक शिंग सैल होतं. मग मामाने धृपद धरलं. रेडा उसळला, झुडपं तुडवत, धूळ उडवत, सैल शिंग हलवत सुसाट आला, आणि मी विसरून गेलो की तो फळ्यांचा आहे. डावा पाय पुढे. भार पुढे. दस्ता खांद्यात. ये, म्हटलं, पाहुण्या, ये.

आणि पहार उखडली.

ऑक्टोबरची रेताड जमीन भुसभुशीत, त्यात मामाचं स्तोत्र. पहार माझ्या गुडघ्याजवळून सणसणत गेली, दोर सैल होऊन डावीकडे फेकला गेला आणि त्या काटेरी झाडाच्या बुंध्याला अडकला. पुन्हा ताणला. आता रेड्याचा रस्ता थेट झाडाकडे होता, आणि झाडाखाली त्या, पाठमोऱ्या, आरसा धरून, माझे डोळे मिटायची वाट बघत.

“मादुबे!” हार्टनेल ओरडले.

“गप्प बसा, मी बघतेय!” त्या आरशातून म्हणाल्या.

मी धावलो. आरशात एक तरुण मोठा मोठा होत चाललेला दिसला. तो मी. आरशातच त्यांनी मला स्वतःकडे थेट बघताना पकडलं, आणि खडसवायला ओरडतच गर्रकन मागे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नोमालांगाचे डोळे आईवर गेलेत, एवढं कळायला वेळ मिळाला. पुढच्या क्षणाला मी त्यांच्या आणि रेड्याच्या मध्ये होतो.

पाय कुठे होते, विचारू नका. डावा पुढे नव्हता. दोन्ही पाय शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे जुळलेले. मुठी घामाने ओल्या. लाल बशी वाढत वाढत परात झाली. मी तिच्याकडे बघत राहिलो. मिटायची आठवणच झाली नाही, कारण मिटले असते तर रेडा कुठवर आलाय ते कळलं नसतं, आणि ते मला फार कळून घ्यायचं होतं.

चाप ओढला.

जुळं झालं.

दोन्ही नळ्या एकदम सुटल्या. आवाज आला नाही. आवाजाला माझ्या कानात शिरायला जागाच उरली नाही. पाहुणा या वेळी कुटुंबासह आला होता. मला आकाश दिसलं, मग माझेच बूट दिसले, आणि मग मी कुठेतरी बसलो. मऊ होतं. खाकी होतं.

मी होणाऱ्या सासूबाईंच्या मांडीवर बसलो होतो.

स्टूल तुटलं नाही. ते कुठल्या दुकानातलं, हे आता आमच्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो.

समोर रेडा उभा होता, हाताच्या अंतरावर, पण त्याला तोंड नव्हतं. गोळ्यांनी बोल्टच उखडले होते आणि तोंडाची फळी दोरासकट मामाच्या गाडीमागे निघून गेली होती. मामा तिसऱ्या कडव्यात होता. तो रेड्याचं तोंड घेऊन वळणापर्यंत गेला आणि मग, आपल्यामागे इतकं शांत का, म्हणून परत आला.

मी मान वर केली. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो. आमच्या दोघांच्या पूर्वजांनी बहुतेक त्याच वेळी कुठेतरी डोळ्यांवर हात ठेवला असावा.

“मदाला,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “त्यांना सांगा, उठा.”

मी उठलो आणि सवयीने झुडपात गेलो. बिशप हातातच होती, नळी आभाळाकडे.

मामा तोंडाची फळी खांद्यावर घेऊन आला. लाल वर्तुळात दोन भोकं, एकमेकांना चिकटून, आठाच्या आकड्यासारखी. हार्टनेलनी त्यात करंगळी घालून पाहिली.

“दोन गोळ्या मागितल्या होत्या, दोन मिळाल्या,” ते म्हणाले. “एकदम द्यायच्या नाहीत, असं कुठे म्हटलेलं नाही. हत्यार हातातून सुटलं नाही. नेमबाज कुठे बसला, याबद्दलही नियम नाही. पुढच्या वर्षी करू. राहिला प्रश्न डोळ्यांचा.”

मामाने टोपी काढली.

“मादुबे, डोळे उघडे होते का?”

मी झुडपातून ऐकत होतो. प्रश्न साधा नव्हता. आरसा गवतात पडून फुटला होता. त्यांनी ‘हो’ म्हटलं, तर त्या कबूल करणार होत्या की आपण जावयाच्या डोळ्यांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेही चारचौघांत. ‘दिसले नाहीत’ म्हटलं, तर त्यांचा मान राहणार होता आणि मी पंक्चरवाला. मला त्यांचा रागही आला नसता. मान मोठा. मी वर्षभराच्या पंक्चरांचा विचार करायला लागलो. पंक्चर काढायच्या सोल्युशनचा वास मला तसा आवडतो.

“मदाला,” त्या म्हणाल्या, “लिहा. मांडीवर पडला, तेव्हा डोळे उघडे होते. बशीएवढे. मिटलेला माणूस इतक्या लवकर उघडत नाही, सकाळीच पाहिलंय मी. मी तोंडावर ओरडले तरी मिटेना.”

“म्हणजे तुम्ही पाहिलंत?”

“मग काय, वासाने सांगतेय?”

हार्टनेलनी लिहिलं. मामा नाचायला लागला, खांद्यावरच्या रेड्याच्या तोंडासकट, आणि नाचताना त्याच्या एका शिंगाने हार्टनेलची टोपी झाडावर लावली. मीही झुडपातल्या झुडपात नाचलो. काट्यांमुळे ते नाचणं वाटत नव्हतं एवढंच. खांदा हलत नव्हता, कान वाजत होते, आणि मला पुन्हा एकदा बिशप उडवायची होती.

“आता त्यांना सांगा,” झाडाखालून आवाज आला. नाच थांबले. “सासूकडे पाहिलं, त्याची दंडाची एक शेळी. मांडीवर बसले, त्याचा रिवाजात उल्लेख नाही, पण म्हणून ती शेळी धष्टपुष्ट हवी.”

“आणि तुम्हीही पाहिलंत की!” मामाला राहवलं नाही.

“पाहिलं. माझीही एक शेळी तुमच्याकडे येईल.”

“मग फिटंफाट झाली. उगाच जनावरांना कशाला चालवायचं?”

“मदाला, त्यांच्या मामांना सांगा,” त्या स्टूल घडी करत म्हणाल्या, “दंड काही फिटंफाट करायला नसतो.”

म्हणून रविवारी सकाळी मी शेळी घेऊन निघालो. खांद्याला पट्टी, खिशात परवाना. अर्ध्या वाटेवर समोरून त्या येत होत्या, हातात त्यांच्या शेळीचं दावं. मी झुडपात गेलो. त्या पलीकडच्या झुडपात गेल्या. दोन्ही शेळ्या वाटेच्या मधोमध थांबल्या आणि एकमेकींच्या डोळ्यांत बघत राहिल्या.