सोबत्याच्या वाट्याची हवा

आमच्या गावाबाहेर चुनखडीचा एक उंच कडा आहे. त्याच्या पायथ्याशी नदी जमिनीतून बाहेर येते. झऱ्यासारखी थेंबाथेंबाने नाही, अख्खीच्या अख्खी. डोंगरापलीकडच्या पठारावर ती एका खड्ड्यात गडप होते आणि इथे कड्याखालच्या हिरव्या डोहात वर येते. मधल्या वाटेवर ती कुठून कशी वळते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. डोहाच्या तळाशी मालमोटार शिरेल एवढं भगदाड आहे. त्यातून बुडी मारून आत जायचं, मापं घ्यायची आणि नकाशा काढायचा, असं काम आम्ही दोघं सुटीच्या दिवशी करत होतो. मी प्राथमिक शाळेतला निवृत्त शिक्षक. माझी सोबतीण पंप दुरुस्त करते. गाव तिला पंपवाली म्हणतं. एके काळी ती माझ्याच चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि अपूर्णांक आले की खिडकीबाहेर बघायची.

बुडी मारायला मला तिनेच शिकवलं, माझ्या पंचावन्नाव्या वर्षी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, जमिनीवर तुम्ही सर. पाण्यात मी. चालेल?"

"चालेल की. छडी नाही ना?"

"छडी नाही. पण ऐकलं नाहीत तर पाणीच बघून घेतं."

तिचे नियम दोनच होते. पहिला दोरीचा. भगदाडाच्या तोंडापासून आतपर्यंत एक बारीक पांढरी दोरी खडकांना बांधत न्यायची आणि तिच्यावरचा हात कधीही सोडायचा नाही. दुसरा हवेचा. पाठीवरच्या टाकीतल्या हवेचे तीन सारखे भाग करायचे. एक आत जायला, एक बाहेर यायला आणि तिसरा सोबत्याचा. "तिसरा भाग आपला नाहीच," ती म्हणायची. "पाठीवर आपल्या असतो, एवढंच." अपूर्णांक इतके सोपे करून मला कधी सांगता आले नव्हते.

त्या रविवारी आम्ही नव्या भागात शिरलो, तोंडापासून दोनशे मीटर आत. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. दिव्याच्या झोतात पांढऱ्या भिंती झळकत होत्या, पाण्याने चाटून चाटून गुळगुळीत केलेल्या, कपड्याच्या चुण्यांसारख्या. असं काही बघायला मिळालं की माझा जीव सुपाएवढा होतो. पंपवाली पुढे दोरी बांधत होती. मी मागे गाठी मोजून मापं पाटीवर लिहीत होतो.

एका वळणावर भिंतीत एक सुंदर कमान दिसली. तिची रुंदी लिहून घ्यावी म्हणून मी पाटी एका हातात धरली, पेन्सिल दुसऱ्या हातात. म्हणजे दोरी सुटली. मला ते कळलं नव्हतं असं नाही. पण मनात आलं, ही बाहेर येणारी नदी आहे. पाणी ज्या बाजूला ढकलतंय, तीच बाहेरची वाट. इथे कोण हरवणार?

तेवढ्यात माझा पाय तळाला लागला आणि गाळ उठला. चुनखडीतला गाळ पिठासारखा असतो. दोन श्वासांत सगळं दुधासारखं पांढरं झालं. नाकाजवळ धरलेला स्वतःचा हातही दिसेना. दोरी होती तिथे हात घातला तर दोरी नाही. खाली नाही, वर नाही.

अशा वेळी जागचं हलायचं नाही. कमरेची छोटी दोरी खडकाला बांधायची आणि तिच्या आधाराने चाचपडत शोधायचं. हे मला पाठ होतं. पण पाणी हळूच पाठीला रेटत होतं, बोट धरून घरी नेणाऱ्या मोठ्या माणसासारखं. मी त्याचं ऐकलं.

थोड्या वेळाने पाण्याचा जोर वाढला. हाताला गाळाऐवजी गोटे लागायला लागले. येताना गोटे नव्हते. मग टाकी वर घासली. छत इतकं खाली कधीच नव्हतं. आणि मला गावातल्या जुन्या पुलाजवळची ती धार आठवली. तिथल्या दगडी भिंतीतल्या फटीतून बारा महिने पाणी पडतं. कितीदा तिथे हात धुतले असतील. त्या फटीत मूठही जात नाही. नदीचा एक फाटा तिकडे जातो, हे मला त्या क्षणी कळलं. नकाशासाठी फार मोठा शोध होता. फक्त तो सांगायला मी बाहेर पोचणं गरजेचं होतं.

आता मात्र मी थांबलो. एक खडक घट्ट धरला. परत जायचं तर प्रवाहाविरुद्ध, आंधळ्यासारखं, आणि वाट किती ठिकाणी फुटते कुणास ठाऊक. हवेचा काटा डोळ्याला चिकटवला तेव्हा कुठे दिसला. पहिला भाग कधीच संपला होता, दुसराही निम्मा गेला होता. घाबरलं की माणूस हवा पितो. म्हणून मी मनात सतराचा पाढा सुरू केला. एका ओळीला एक श्वास. अधूनमधून सुरीच्या मुठीने टाकीवर ठोकत राहिलो. पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, पण माणूस जिवंत आहे एवढं कळतं.

किती वेळा पाढा झाला, सांगता येणार नाही. बायको डोळ्यांसमोर आली. सकाळी निघताना ती म्हणाली होती, "वेळेवर या, मला वाट बघायचा कंटाळा येतो."

मग घोट्याला काहीतरी लागलं. हात होता. तो हात पायावरून वर, खांद्यापर्यंत सावकाश आला, माझ्या दंडावर एकदा दाबून थांबला. मग त्याने माझा उजवा हात शोधला, तळव्यात दोरी ठेवली आणि माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली. पहिलीच्या मुलांच्या बोटांत मी खडू द्यायचो, अगदी तसंच.

परतीची वाट लांब होती. शेवटच्या साठेक मीटरला माझी टाकी हवा देईनाशी झाली, तेव्हा तिने स्वतःच्या टाकीची दुसरी नळी माझ्या तोंडात दिली. डोहात वर आलो तेव्हा ऊन इतकं पिवळं होतं की मला रडू आलं.

"चला, थंडी वाजते," ती म्हणाली आणि आपला काटा छातीकडे फिरवून धरला. चाळीस वर्षं मुलांनी पाठीमागे लपवलेल्या वस्तू बघण्यात गेलीत माझी. मी तिचा हात बाजूला केला. काटा आठवर होता. भरलेल्या टाकीला तो दोनशे दहावर असतो. शोधताना काटा सत्तरवर आला की शोध सोडून बाहेर निघायचं, सोबती सापडो वा न सापडो, हे तिनेच मला दहादा घोकून घेतलं होतं. सापडलो तेव्हा तिचा काटा कितीवर होता, हे मनातल्या मनात मांडून पाहिलं. सत्तरच्या बराच खाली.

"अगं, हे काय केलंस?"

"माझं गणित कच्चंच आहे सर. प्रगतिपुस्तकावर तुम्हीच लिहिलं होतंत."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, दोरी सोडल्यापासून. शेवटी तिने एवढंच विचारलं, "तिच्या घरी कोण कोण आहे?"

"आई. आणि सात वर्षांची लेक."

"आणि तरी थांबली?"

"थांबली."

दुसऱ्या दिवशी बायको माझ्याबरोबर पंपवालीच्या कारखान्यात आली. मेजावर एक पंप उघडून पडला होता, पंपवालीचे हात कोपरापर्यंत काळे. बायकोने ते तसेच दोन्ही हातांत घेतले. बोलायला बरंच ठरवून आली होती. पण म्हणाली ते वेगळंच, "काल रात्री हे घोरत होते. मी जागी राहून ऐकत बसले."

पंपवाली लाजली. "काकू, साडीला ग्रीस लागेल."

"लागू दे गं."

मी घसा साफ केला. "मला पुन्हा शिकव. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून? सर, सहा वर्षं झाली."

"म्हणूनच. सहा वर्षांत हात ढिला पडला."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, हात पुसले आणि भिंतीवरची पांढरी दोरी काढली. अंगणात तिने ती ड्रिल मशीनच्या पायापासून फाटकापर्यंत, मध्ये पाण्याचं पिंप आणि जिन्याचा कठडा असे वेढे घालत बांधली. माझ्या डोळ्यांवर फडकं घट्ट आवळलं, एका हातात पाटी दिली, दुसरा दोरीवर ठेवला. बायको पायरीवर बसली. पंपवालीची लेक शाळेतून आली होती, तीही तिच्या शेजारी बसली असावी, कारण तिचं खुदूखुदू हसणं तिकडून येत होतं.

"प्रत्येक गाठीला थांबून अंतर लिहायचं," पंपवाली म्हणाली. "दोरी सोडायची नाही."

"एका हाताने लिहू कसं?"

"ते तुम्ही शोधा."

पाटी छातीशी दाबून, कोपराने सावरत, दोरी करंगळीत अडकवून मी लिहीत निघालो. पिंपापाशी पेन्सिल निसटली आणि ती झेलायला हात आपोआप सुटला.

"सुटला, सुटला!" लेक ओरडली.

"परत," पंपवाली म्हणाली. "ड्रिल मशीनपासून."

मी फाटकाकडे पाठ केली, दोरी पकडली आणि परत निघालो. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी नापास झालो नव्हतो.