मुलं शोधत फिरलेलं घुबड

घुबड बोलतंय म्हणून नाक मुरडू नका. मी काही झाडाच्या ढोलीतलं घुबड नव्हे. मी सोंग आहे. आतून फोम, बाहेरून तपकिरी लोकर, परातीएवढे पिवळे डोळे आणि पायांत नारिंगी बूट, असे की घालणारा पहिल्याच पायरीवर तोंडघशी पडावा. नाव ओटिस. टेक्सासमधल्या कॅलोवे गावच्या बर ओक प्राथमिक शाळेचा मी शुभंकर. समारंभ असला की मुलांनी मला मिठ्या मारायच्या आणि मी पंख हलवायचे, एवढीच माझी नोकरी.

माझा जन्म शाळेबरोबरचा. त्याआधी इथे गाई चरत. मग बिल्डर आले, गाई गेल्या आणि बघता बघता गल्ल्याच गल्ल्या झाल्या. प्रत्येक घरापुढे तीच हिरवळ, तेच ओकचं रोपटं आणि गॅरेजात तीनचाकी सायकली. शाळा भरली, मग उतू जाऊ लागली. मैदानात ट्रकवरून आणलेल्या तयार खोल्या मांडल्या. जेवणाच्या हॉलमध्ये सगळी मुलं एकदम मावत नसत, म्हणून पहिल्या पंगतीला भल्या सकाळीच बसवायचे. नाश्ता पचायच्या आत त्या बिचाऱ्यांपुढे पिझ्झा यायचा.

तेव्हा माझ्या आत गिल हॅव्हर्टी असायचे. शाळेसमोरच राहणारे, उंच, भलतेच हौशी गृहस्थ. त्यांची ब्रिन इथेच पहिलीत होती. कुठलाही कार्यक्रम असो, गिलसाहेब मला अंगावर चढवून तयार. टेक्सासच्या उन्हात त्यांचा जो घाम माझ्यात मुरला, तो आजही थोडासा आहे. पण माणूस प्रेमळ. एकदा एक पोरगं घाबरून रडायला लागलं, तर ते माझ्या पोटातून गाणं म्हणत बसले होते.

शाळेच्या शेजारी मोकळी जागा होती. एका बिल्डरने तिथे छोटी घरं आणि भाड्याचे फ्लॅट बांधायचा घाट घातला. झालं, पालक खवळले. वसाहतीच्या चौकात, किराणा दुकानात, पोरांना सोडायच्या रांगेत एकच विषय. गिलसाहेब मला घालून नगरपालिकेच्या सभेला गेले. माझ्या गळ्यात पाटी होती, ‘घरटं भरलंय’.

“आधीच आमची मुलं पत्र्याच्या खोल्यांत बसतात,” ते माझ्या चोचीतून म्हणाले. “त्यात आणखी दोनशे बिऱ्हाडं आली, तर त्यांच्या पोरांना काय झाडावर बसवायचं?”

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या, आणि छोटी घरं बारगळली. पुढे त्या जागेवर सामान ठेवायची भाड्याची गोदामं उभी राहिली. सामान शाळेत जात नाही, त्यामुळे कुणाचीच हरकत नव्हती.

मुलं मोठी होतात, ही साधी गोष्ट त्या सभेत कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. ती मोठी झाली, कॉलेजात गेली, तिकडेच राहिली. आईबाप मात्र जागचे हलले नाहीत. हलतील कशाला? घराचं कर्ज जुन्या, स्वस्त व्याजाचं, स्वयंपाकघर नुकतंच नवं केलेलं. चार-चार झोपायच्या खोल्या. एकीत स्वतः झोपायचं, दुसरीत ट्रेडमिलवर कपडे वाळत घालायचे, तिसरीत नाताळचं सामान, आणि चौथी मुलगी सोडून गेली तशीच ठेवायची. गावाच्या उत्तरेला नवी घरं होतच होती, पण त्यांच्या किमती अशा, की नवराबायकोला परवडेपर्यंत त्यांच्या पोरांना मिशा फुटायच्या.

गंमत म्हणजे गाव वाढतच होतं. रस्ते रुंद झाले, कॉफीची दुकानं झाली, कुत्र्यांचे दात साफ करणारा डॉक्टरसुद्धा आला. फक्त आमचा बालवर्ग दर वर्षी आक्रसत गेला. शाळा मंडळाने एक तज्ज्ञ बोलावला. तो म्हणाला, “पूर्वी आम्ही दर घरामागे अर्धं मूल धरायचो. आता पाव धरा.”

“पाव मुलाला बसायला बाक केवढा करू?” आमच्या मुख्याध्यापिका वांडा क्रेनशॉबाईंनी विचारलं. तज्ज्ञाने ते लिहून घेतलं नाही.

मग मंडळाने निरोप धाडला. वसंत संपायच्या आत बालवर्गाच्या दोन तुकड्या भरल्या, तर शाळा राहील. नाही भरल्या, तर बर ओकला कुलूप, आणि उरलेली मुलं पलीकडच्या शाळेत.

बालवर्गाच्या बाई होत्या मारिबेल सँडोव्हाल. शाळेत नोकरीला लागल्या तेव्हा स्वतःच पोरीसारख्या दिसायच्या. त्यांच्या वर्गात प्रत्येक मुलाचा पहिला पडलेला दुधाचा दात फळ्यावर जाहीर व्हायचा आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. निरोप आल्याच्या तिसऱ्या दिवशी कपाट उघडून त्यांनी मला झटकलं.

आमच्याकडे दर वसंतात राउंडअप असतो. गुरं वळून आणायचा शब्द, पण पुढच्या वर्षीच्या बालवर्गाची नावनोंदणीही त्याच नावाने चालते. एरवी आईबाप पोरांना घेऊन शाळेत येतात, मी दारात उभा राहतो. यंदा कुणी येईना. तेव्हा क्रेनशॉबाई म्हणाल्या, “गुरं येत नसली तर घोड्यावर बसून शोधायला जावं लागतं. मारिबेल, घाल ते घुबड.”

मारिबेलबाई गिलसाहेबांच्या निम्म्या. माझे पंख त्यांच्या गुडघ्यांना लागायचे आणि दिसायचं फक्त चोचीच्या फटीतून. अशा थाटात आम्ही निघालो.

पहिल्याच बागेत क्रेनशॉबाईंचे डोळे लकाकले. “तीन बाबागाड्या. मारिबेल, धाव.”

त्या नारिंगी बुटांत धावणं म्हणजे काय, ते मला विचारा. धापा टाकत पोचलो आणि पहिल्या गाडीत वाकून बघितलं. आत स्वेटर घातलेला बुलडॉग.

“हा बिस्किट,” मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या. “गुडघ्याचं ऑपरेशन झालंय बिचाऱ्याचं.”

“किती वर्षांचा?” क्रेनशॉबाईंनी सवयीने विचारलं.

“पाच.”

“वय बसतंय,” मारिबेलबाई माझ्या आत पुटपुटल्या. तेवढ्यात बिस्किटने माझी शेपटी धरली. गुडघा दुखत असेल, पण जबडा ठणठणीत होता. दुसऱ्या गाडीत दोन पूडल निघाले. तिसरीत खरंखुरं बाळ होतं, पण ते आजीकडे पाहुणं आलेलं, संध्याकाळी परत जाणारं.

पुढच्या दारात एकदम पाच पोरं बघून मारिबेलबाईंचा ऊर भरून आला. पोरं मला लोंबकळली. आई हसून म्हणाली, “आमची शाळा जेवणाच्या टेबलावरच भरते. मीच शिकवते सगळ्यांना.” धाकटी विचारत होती, “आई, घुबड ठेवून घेऊ या?” त्याच्या पलीकडच्या घरात एक बाप भेटला. त्याच्या मुलीचा नंबर सोडतीत दुसऱ्या एका नव्या संस्थेच्या शाळेत लागला होता. क्रेनशॉबाईंनी आमच्या शाळेचा पत्ता सांगितला, तर म्हणतो कसा, “अच्छा, ती शाळा आहे होय? मला वाटायचं दवाखाना.” दोन वर्षं तो रोज आमच्या फाटकासमोरून गाडी नेत होता.

शेवटचं दार गिल हॅव्हर्टींचं. आता ते वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष होते. बायको जाऊन काही वर्षं झालेली, घरात ते एकटे. दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला, की मीही क्षणभर सगळं विसरलो.

“ओटिस, लेका, वाळलास की रे.”

“आत मी आहे, हॅव्हर्टीसाहेब,” मारिबेलबाई म्हणाल्या.

मग ते तावातावाने बोलायला लागले. “शाळा बंद करताहेत म्हणे? शाळेकडे बघून तर आम्ही इथे घर घेतलं. मी येतो मंडळासमोर, एकेकाला फैलावर घेतो.”

“फैलावर नंतर घ्या,” क्रेनशॉबाई म्हणाल्या. “आधी एक मूल द्या.”

“माझ्या वयात?”

मारिबेलबाई आतून इतक्या हसल्या, की माझं पोट हललं. पण क्रेनशॉबाई हसल्या नाहीत. “ब्रिनची जुळी पाच वर्षांची झाली ना?”

“झाली,” गिलसाहेबांचा आवाज खाली आला. “पण ती राहते दीड तासावर. इथेच घर बघत होती ती, वर्षभर. परवडेल असं छोटं काही मिळेना.”

मारिबेलबाईंनी माझं डोकं उपसून बगलेत धरलं. मुलांसमोर डोकं काढायला बंदी असते, पण इथे मूल होतंच कुठे? त्यांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे गोदामांच्या शटरांची रांग उन्हात चकाकत होती.

“छोटी घरं तिथे होणार होती, साहेब.”

“माहीत आहे मला. माझ्या तोंडून वदवू नका,” गिलसाहेब म्हणाले आणि पायरीवर बसले.

“मग त्यांना इथेच बोलवा की. चार खोल्या आहेत तुमच्या.”

ते त्यांना पटलं. लगेच फोन लावला, आम्हाला ऐकू जाईल असा. ब्रिन म्हणाली, “यायला आवडेल, बाबा. पण कोल्बीच्या गाडीचं काय?”

जावई नळ दुरुस्त करायची कामं करायचा. त्याची मोठी व्हॅन, वर शिडी, बाजूला नाव आणि फोन नंबर. आणि आमच्या वसाहतीत धंद्याची गाडी रात्री अंगणात उभी करायला मनाई. सकाळी पत्र येतं, दुसऱ्यांदा दंड.

“नियमच आहे तसा,” गिलसाहेब चाचरत म्हणाले.

“कुणी केला?”

“समितीने.”

“समितीत कोण आहे, बाबा?”

मी एवढे मोठे डोळे घेऊन जन्मलोय, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना.

गिलसाहेब कामाला लागले, हे कबूल करायला हवं. त्यांनी समितीची बैठक बोलावली. एकीने विचारलं, गाडीवर आच्छादन घालता येईल का. दुसऱ्याला शिडी घराच्या रंगाची हवी होती. तिसरा म्हणाला, आज शिडी आली तर उद्या बोट येईल. मग सगळे लिंबूपाणी प्यायले आणि त्यांनी विषय उन्हाळ्यावर ढकलला. मंडळाने मात्र काही ढकललं नाही, शाळा बंद करायचं ठरवलं. बालवर्गाची निम्मी तुकडीसुद्धा भरली नव्हती. जुळी आली असती तरी भरली नसती, पण गिलसाहेब त्या रात्री जेवले नाहीत, असं क्रेनशॉबाई सांगत होत्या.

शेवटच्या दिवशी मारिबेलबाईंनी वर्गातल्या छोट्या खुर्च्या एकीवर एक रचल्या. त्यांची बदली पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली होती, तिथला शुभंकर घुबडही नाही, काहीतरी वाघ वगैरे. माझ्या लोकरीत तोंड खुपसून त्या बराच वेळ रडल्या. मला फार वाईट वाटलं. मला आजवर हजारो पोरांनी मिठी मारली असेल, पण मला परत मिठी मारता येत नाही याचं दुःख तेव्हाच पहिल्यांदा झालं.

आता माझा मुक्काम तिथेच आहे. फक्त शाळेच्या जागी ज्येष्ठ नागरिक केंद्र झालंय. जेवणाच्या हॉलमध्ये पिकलबॉल चालतो, टेनिसचं धाकटं भावंड म्हणा. खेळाडू सगळे माझ्या ओळखीचे, सगळे जुने पालक. मला त्यांनी आपल्या संघाचा शुभंकर केलंय आणि हॉलच्या दारापाशी खुंटीला टांगलंय. इमारत घाईत दिली गेल्याने आतलं काही बदललं नाही. संडास बालवर्गाच्या मापाचे आहेत. आत गेलेल्याला उठवायला दोघांना जावं लागतं, आणि पिण्याच्या पाण्याच्या बुटक्या नळाशी हे आजोबा-आजी असे दुमडतात, की मला उगाच त्यांच्या कंबरेची काळजी वाटते. गिलसाहेबही रोज येतात. व्हॅनचा नियम शेवटी बदलला, शिडी सूर्यास्ताला उतरवायच्या अटीवर. तोवर ब्रिनने तिकडेच कर्ज काढून घर घेतलं होतं.

तुम्हाला एकच विनवणी आहे, मंडळी. तुमच्या गावात कुणी लहान घरं बांधायला निघालं आणि शाळा भरलीय म्हणून तुमचं रक्त खवळलं, तर जरूर सभेला जा. फक्त जायच्या आधी घरातल्या पोराला भिंतीशी उभं करून त्याची उंची बघा. तेवढ्याच उंचीचं ते राहणार नाही, एवढं ध्यानात ठेवा आणि मग बोला.

परवाच्या रविवारी ब्रिन जुळ्यांना घेऊन आली होती. जून आणि टकर. आजोबांचा खेळ बघायला. जूनला तहान लागली. ती नळाशी गेली, बटण दाबलं आणि ताठ उभी राहून घटाघट पाणी प्यायली. तोंड पुसत तिने विचारलं, “आजोबा, इथे सगळे म्हातारे आहेत. मग हा नळ माझ्या मापाचा कसा?”

गिलसाहेबांच्या हातात रॅकेट तशीच राहिली. ब्रिन त्यांच्याकडे बघत होती.

“तुझ्यासाठीच लावला होता गं,” ते म्हणाले.

जूनला ते खरंच वाटलं. तिने हॉलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या भावाला हाक मारली, “टकर, इकडे ये. इथे आपल्याला कुणी उचलून घ्यायला लागत नाही.”