खाडीकडचं शेत

गेल्या उधाणात खाडीचं पाणी बांध फोडून सरोजाबाईंच्या डोंगरीतल्या शेतात शिरलं, आणि तेव्हापासून घरात दोन तट पडले. इथे आता भाजी होणार नाही, भराव टाकून गाळे काढू, हा त्यांच्या थोरल्या मुलाचा, लोकेशचा हेका. सरोजाबाईंना शेत राखायचं होतं, पण त्यांनी भावकीसमोर शब्द दिला होता : माती खारी निघाली तर भरावाला सही करीन. दिला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता.

आज त्यांच्या बहिणीची मुलगी, शेतकी शिकलेली स्वप्नाली, माती तपासायला आली होती. शेतभर फिरून तिने वीतभर खोल खड्डे घेतले, लोकेशने आणलेल्या घमेल्यात सगळी माती कालवली, त्यातली थोडी शुद्ध पाण्यात ढवळून खारेपणा मोजणारा मीटर बुडवला. आकडा चढतच गेला.

"मावशी, यात मिरची-वांगी काहीच तगणार नाही."

"झालं," लोकेश म्हणाला. "आता मातीच बोलली, आये."

सरोजाबाई ताठ उभ्या होत्या. त्यांची नजर घमेल्याच्या पांढुरक्या काठावर खिळली. त्यांनी बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"लोक्या, ह्यो घमेला कुठना आणलास?"

"पडवीतला. हाताशी व्हता."

"ह्यात मासळी खारवतात, ता तुला ठाव न्हाय? खायचा तेवढा ठाव हाय."

लोकेशची मान खाली गेली. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, हे आईला कळत होतं.

स्वप्नालीने धुतलेली बादली घेतली. सरोजाबाईंनी तिला अडवलं.

"वरल्या अंगाची माती येगली घे, खाडीकडची येगली."

"मावशी, एकत्र केली तर कदाचित निभावेल," स्वप्नाली हलकेच म्हणाली. "वेगळी केली तर खाडीकडची नक्की नापास होईल."

"निभावून न्यायला ती काय पावणी हाय? घे येगली."

वरल्या अंगाच्या मातीत आकडा थोडा हलला आणि थांबला. स्वप्नालीने मान डोलावली. खालच्या, खाडीकडच्या मातीत तो चढला, चढत राहिला. सरोजाबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. त्या तुकड्यात त्यांच्या सासूने वालाचे वेल चढवले होते.

"खालचा तुकडा तुझा, लोकेश. सही मिलल."

"आन् वरचा?"

"वरती भेंडी लागल. पन तुझ्या भरावाच्या आधी मधी बांध उभा र्‍हाईल. कुदल घे."

लोकेशने कुदळ उचलली, आणि माती वाहायला सवयीने घमेल्याकडे हात नेला.

"त्यो न्हाय," सरोजाबाई म्हणाल्या.