डावा कान

“ही तुझीच रे,” असं म्हणत मेव्हिसकाकूंनी मेंढी मानेला धरून बाबांपुढे ओढत आणली.

नोव्हेंबरातला मेळावा होता. डोंगरावर दुसऱ्याच्या कळपात शिरलेल्या मेंढ्या त्या दिवशी खानावळीमागच्या कोंडवाड्यात आणतात आणि ज्याच्या त्याला परत करतात. हिच्या पाठीवरचा रंग पावसाने धुऊन गेला होता, कानातला बिल्लाही कुठेतरी तुटून पडला होता. ओळखायला उरला होता तो डावा कान. टोकाला खाच आणि खालच्या कडेला छेद, ही आमच्या शेताची खूण. मेव्हिसकाकूंचं शेत शेजारचं, त्यांची खूण नुसती खाच.

बाबांना, म्हणजे आयझॅक फॉदरगिलना, त्या मेंढीची गरज होती. एकाहत्तराव्या वर्षी ते खंडाने कसलेलं शेत सोडत होते. आमच्या खोऱ्यात कसणारा बदलतो, मेंढ्या मात्र डोंगराबरोबर राहतात. जितक्या घेतल्या तितक्या पुढच्याच्या हवाली करायच्या. बाबांनी आजोबांकडून दोनशे चाळीस मोजून घेतल्या होत्या. आज दुपारी मोजणी होती आणि भरत होत्या दोनशे एकोणचाळीस. आठवडाभर त्यांनी डोंगर पालथा घातला होता.

मी शेफिल्डला चांदी तपासायच्या कचेरीत काम करते. थोडी चांदी खरवडायची, कस बघायचा, कसाला उतरली तर हॉलमार्कचे ठसे मारायचे, नाहीतर वस्तू मोडायची. बावीस वर्षं हेच. वर्तमानपत्रवाले कधीकधी हॉलमार्कच्या जागी इअरमार्क, म्हणजे कानखूण, ठोकून देतात आणि माझं डोकं फिरतं. कानखूण मेंढी कोणाची ते सांगते, कशी ते नाही. हॉलमार्क चांदी कशी ते सांगतो, कोणाची ते नाही. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरुणपणी मी बाबांना टोचून म्हणायचे, तुमचं काय, कुणीही कान कापावा. आमच्या ठशाआधी परीक्षा असते. बाबा हसण्यावारी न्यायचे.

बाबांनी मेंढी गुडघ्यांत धरली. चष्मा खिशातच होता. त्यांनी अंगठ्याने कानाची कड चाचपली, मग पुन्हा एकदा.

“मेव्हिस, टोकाची खाच चिमट्यानं कापलेली आहे. खालचं तारेत अडकून फाटलंय. मेंढी तुझी.”

काकूंना हे आधीच ठाऊक होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“असेल फाटलं. माझ्याकडं काय मेंढ्यांचा दुष्काळ पडलाय? मुकाट्यानं घे. कोण बघतंय?”

“मी आहे की.”

त्यांचा अंगठा अजून त्या कानावरच होता. इतकी नेकीची तपासणी मी आमच्या कचेरीतही पाहिलेली नाही. माझ्या जुन्या टोमण्यांची मला लाज वाटली.

दुपारी जमीनमालकाच्या माणसाने मोजायला सुरुवात करण्याआधीच बाबांनी एक कमी असल्याचं सांगून टाकलं. मग कान कापायचा चिमटा घराच्या किल्ल्यांशेजारी टेबलावर ठेवला. खूण शेताची असते, माणसाची नव्हे.

संध्याकाळी खानावळीत मटण-बटाट्याच्या रश्श्यावर सगळे जमले. खोऱ्यातल्या लोकांनी मिळून बाबांना चांदीचा पेला दिला. काकूंनीच तो हातात ठेवला आणि आपल्या ताटाकडे वळल्या. बाबांनी पेला उलटा करून ठशांवरून अंगठा फिरवला.

“नोरा, यातला माझा कुठला गं?”

पहिला घडवणाऱ्याचा, दुसरा शुद्धतेचा, तिसरा आमच्या कचेरीचा, शेवटचा सालाचा, असं मी एकेक सांगत गेले.

“म्हणजे माझा नाहीच.”

“नाही, बाबा.”

“बरं. म्हणजे आता मी कोऱ्या कानाचा,” असं म्हणून ते रस्सा खाऊ लागले.

ठसे मारलेल्या चांदीला कानस लावणं आमच्याकडे पाप. मी खानावळवाल्याकडून कानस मागून घेतली. पेल्याच्या बुडाच्या कडेला, ठशांच्या डावीकडे, एक खाच घासली आणि तिच्याखाली एक छेद. छेद जरा वाकडाच आला. पेला परत बाबांपुढे ठेवला.

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ ती कड अंगठ्याने चाचपली.

“फाटलेलं नाही,” ते म्हणाले.