चार हाका

प्रणित माझा धाकटा भाऊ, मला बाई म्हणतो. ब्रह्मपुरीला कॉलेजात जातो म्हणून गेला आणि रॅप शिकून आला. सुट्या गाण्यांनी त्याचं भागेना. त्याला अख्खा अल्बम एकाच कल्पनेवर बांधायचा होता. नाव ‘चार हाका’. गाणी सांगणारा वाघ. पहिल्या गाण्यामागे चार बायकांच्या हाका, दुसऱ्यात तीन, मग दोन, मग एक. पाचव्यात नुसता श्वास. असलं अभद्र सुचतं तरी कसं, असं मी विचारलं.

“बाई, ही कन्सेप्ट आहे. तुले नाई समजत.”

समजत होतं, म्हणूनच अंगावर काटा आला होता.

हाका आमच्याच होत्या. पोंभुर्ण्याकडच्या जंगलात मोहफुलं वेचायला आम्ही चौघी जायचो: गोकुळाबाई, जयाकाकू, मी आणि आई. वाकून वेचताना कोणी कोणाला दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं गोकुळाबाई ‘कूऽऽ’ करायच्या, मग जयाकाकू, मग मी, शेवटी आई. चार झाल्या की पुन्हा माना खाली. एक जरी कमी पडली तर टोपल्या टाकून, डबे बडवत तिकडे धावायचं. आईची हाक शेवटी जराशी फाटायची, हजारात ओळखू यायची.

प्रणितनं ती अंगणात मोबाइलवर घेतली. आई हसत होती, त्यामुळे तीनदा घ्यावी लागली. मग साहेबांना वाटलं, यात जंगल नाही. स्पीकर झाडाला टांगून तीच हाक तिथे वाजवायची आणि लांबून पुन्हा रेकॉर्ड करायची, असं त्यानं ठरवलं. आईनं त्याला एकच गोष्ट बजावली.

“वाजव, पण आमी घरी गेल्यावर. आमी असतानी नोको.”

तो हो म्हणाला. आम्हा तिघींना यातलं कोणी काहीच सांगितलं नाही.

त्या दिवशी उजाडताना तो आमच्या मागोमाग आला. आईच्या झाडापासून चाळीसेक पावलांवर, नाल्याकडे, त्यानं स्पीकर टांगला आणि कानाला हेडफोन लावून लांब बसला. वारा पडलेला होता. अशी शांतता पुन्हा मिळणार नाही, म्हणून त्याला धीर धरवला नाही.

आमच्या हाका सुरू होत्या. एक, दोन, तीन, चार. मध्येच नाल्याकडे वानर खाकरलं, वाघ दिसल्यावर खाकरतं तसं. गोकुळाबाई उभ्या राहिल्या आणि रंभा, म्हणजे माझी आई, कुठे आहे म्हणून विचारू लागल्या. त्यांनी ‘कूऽऽ’ केलं, जयाकाकूंनी केलं, मी केलं. लगेच आईची हाक आली, तशीच शेवटी फाटलेली.

“आहे ना माय तिथीच. आयकली नाई का?” मी म्हणाले.

हो, मीच म्हणाले. आम्ही पुन्हा वाकलो. त्यानंतरही आईची हाक दर वेळी आली.

टोपली भरली तशी मी तिला बोलवायला गेले. तिच्या झाडाखाली फुलांचा सडा तसाच पडला होता. टोपली सरळ ठेवलेली, तिचा नुसता तळ झाकलेला. एक चप्पल नाल्याच्या बाजूला. मी ‘कूऽऽ’ केलं, आणि नाल्याकडच्या एका फांदीतून आईनं हाक दिली.

तेवढ्यात प्रणित धावत आला. त्याचा चेहरा उजळलेला होता.

“बाई, तुह्या हाकेनंतर बटन दाबत गेलो. मायचा खरा आवाज आन् स्पीकरचा, दोनी एकावर एक पायजे होते. अशी बसली ना, दोन आवाज वाटतच नाई.”

मी त्याला टोपली दाखवली.

आई दुपारी नाल्यापलीकडे सापडली. रेकॉर्डिंग वनखात्यानं ऐकलं, मीही ऐकलं. पहिल्या दोन फेऱ्यांत आईचे दोन आवाज आहेत. पुढच्या सात फेऱ्यांत एकच.

प्रणित आता गात नाही, माझ्याशी बोलतही नाही. वाघ अजून पकडलेला नाही. यंदाही मोह फुलला आहे आणि पोट आहे, म्हणून आम्ही जातो. हाकेवर आता कोणाचा विश्वास नाही, त्यामुळे काल भाजी कोणती केली असं एकमेकींना ओरडून विचारतो. उत्तरं येतात, मी माझं धरून मोजते. तीन. हे त्याचं दुसरं गाणं.