सातपायरी तळ्याचा रिपोर्ट

"हे कुठलं?" पायरीवर उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारले.

गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या काशीरामने हातातली हिरवी जुडी बोटांनी चुरडली आणि साहेबांपुढे धरली. "वास घ्या."

"लसणीसारखा येतोय."

"हां. दिसायला झाडासारखं, पण शेवाळच ते. मोरचूद घातला की मरतं. आणि हे बघा." त्याने पाण्यातून एक लांब वेल ओढून काढला. त्याच्या टोकाला चिखलाचा गोळा लोंबत होता. "याला मूळ आहे. याला मोरचूद कितीपण घाला, ढिम्म. हे हातानंच उपटायचं."

"आणि तिकडचं, सायीसारखं?"

"ते बोटात येतच नाय. निसटतं. त्याला औषधच लागतं."

इन्स्पेक्टर श्यामसुंदर तेलंग हे सगळे वहीत उतरवून घेत होते. सायन्सची पदवी घेऊन तीन महिन्यांपूर्वीच ते मलेरिया खात्यात लागले होते. त्यांच्याजवळ चित्रांचे एक पुस्तक होते, पण तळ्यावर आले की ते पुस्तक पिशवीतच राही आणि साहेब काशीरामला विचारत. काशीराम घाडी खात्यात मुकादम होता. अंधेरीपासून गोरेगावपर्यंतची तळी, विहिरी आणि पाणी साचलेल्या खदानी तो एकवीस वर्षे साफ करत आला होता. शेवाळात डासांच्या अळ्या लपतात, गप्पी माशांना आत शिरता येत नाही, म्हणून हे काम. मोरचुदाने त्याच्या नखांच्या कडा कायमच्या हिरवट झाल्या होत्या.

सातपायरी तळे जोगेश्वरीच्या पूर्वेला, आरेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे होते. एका अंगाला सात दगडी पायऱ्या, दुसऱ्या अंगाला पंधरावीस घरांचा पाडा. १९५४च्या त्या मे महिन्यात पाणी उतरले होते आणि उरलेले सगळे हिरवे झाले होते. रस्त्यापलीकडच्या नव्या वसाहतीतल्या लोकांनी डासांबद्दल अर्ज केला होता.

"किती दिवस लागतील?" साहेबांनी विचारले.

"नियमानं तीन खेपा. आधी एक हिस्सा, मग दहा दिवस थांबायचं, मग दुसरा."

"ठीक. तुम्ही बघा कसं ते. काम पुरं झालं की तुमची रजा मंजूर करतो."

रजेचाच प्रश्न होता. गावाहून धाकट्या भावाचे पत्र आले होते. बाबांनी अंथरूण धरले आहे, पाऊस लागायच्या आत येऊन जा, असे त्यात लिहिले होते. मालवणला जाणारी शेवटची बोट मंगळवारी सुटणार होती. त्यानंतर दर्या बंद, तो गणपती होईपर्यंत. काशीरामच्या बायकोने, वनमालाने, ट्रंक भरायला घेतली होती.

"रजा गावली?" रात्री जेवायला वाढताना तिने विचारले.

"तळा पुरा झाला की गावतली."

"मंगळवारपर्यंत होतला?"

काशीराम भात कालवत हिशेब करत होता. दहा दहा दिवस थांबले तर जून उजाडणार होता.

गुरुवारी सकाळी त्याने गँगला मोरचुदाची चार पोती उतरवायला सांगितली. धोंडू बिगारी बारा वर्षे त्याच्या हाताखाली होता. त्याने पोती मोजली आणि मुकादमाकडे पाहिले.

"सगळीच?"

"सगळीच."

धोंडूने गोणपाटात मोरचूद बांधला, पिंपांच्या तराफ्यामागे तो पाण्यात सोडला आणि तराफा या काठापासून त्या काठापर्यंत ओढायला सुरुवात झाली. मागे निळसर रेघ उठत होती आणि विरत होती.

पाड्यातली माणिकबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. तळ्यातली मासेमारी पाड्याने तिच्याकडे दिली होती. तिच्या नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी मासेमारी खात्याकडून रोहूचे बीज आणून सोडले होते. त्याच पावसाळ्यात तो न्यूमोनियाने गेला. मासे मात्र वाढले होते, हातभर झाले होते. मृगाच्या आधी जाळे टाकायचे, असे तिने ठरवले होते.

"मुकादम, मागल्या खेपेला थोडं थोडं घातलं होतं. आज एकदमच?"

"पाणी कमी आहे, बाई. काही होत नाही."

काही होऊ शकते हे त्याला ठाऊक होते. मेलेले शेवाळ कुजते, कुजताना पाण्यातली हवा खाते आणि मासे गुदमरतात. नव्या बिगाऱ्यांना तो हेच शिकवत आला होता. पण दर वेळी होतेच असे नाही, एखाद वेळ निभावून जाते, असे त्याने स्वतःला सांगितले. संध्याकाळपर्यंत तळे पुरे झाले.

शनिवारी सकाळी तो तपासणीला आला, तेव्हा पाड्यातली सगळी माणसे पायऱ्यांवर उभी होती. पाणी हिरवे राहिले नव्हते. डाळीच्या धुवणासारखे गढूळ झाले होते आणि त्याला सडका वास येत होता. वर रोहू तरंगत होते, पांढरी पोटे वर करून, काठापासून मधल्या खडकापर्यंत. काही अजून जिवंत होते. तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. मरळ जातीचे मासे तेवढे ठीक होते. ते वर येऊन हवा घेतात.

माणिकबाई पाण्यात उभी राहून मेलेले मासे टोपलीत भरत होती. रडत नव्हती. पाड्यातले वडीलधारे अण्णा तिला वरून बोलत होते.

"इतकं बीज सोडायला कुणी सांगितलं होतं तुज्या घोवाला? एवढंसं तळं, त्यात मासेच मासे. मरतील नाय तर काय? पावसाल्यात तळं दुसऱ्याला देऊन टाकू."

माणिकबाई मान वर न करता म्हणाली, "द्या."

तेवढ्यात तेलंगसाहेब सायकलवरून आले. त्यांनी पाणी पाहिले, मासे पाहिले आणि काशीरामला बाजूला, चिंचेखाली नेले.

"एकदम घातलात?"

"हो."

साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "हे बघा, काशीराम. मी रिपोर्टात लिहितो की कडक ऊन, कमी पाणी आणि माशांची फाजील संख्या. शास्त्राला धरूनच आहे ते. खोटं नाही. तुम्ही खाली सही करा आणि मंगळवारची बोट पकडा. रजा मी देतो."

काशीरामने चिंचेच्या सावलीतून तळ्याकडे पाहिले. माणिकबाई टोपली काठावर रिकामी करून परत पाण्यात उतरत होती. अण्णा अजून बोलत होते.

"माशांची संख्या लिहू नका," काशीराम म्हणाला.

"मग काय लिहू?"

तो चालत पायऱ्यांपाशी गेला. एकवीस वर्षांत तो या लोकांपुढे फक्त हुकूम देण्यापुरता बोलला होता.

"अण्णा," तो म्हणाला, "मासे जास्त नव्हते. चूक माझी आहे. औषध तीन खेपांत घालायचं असतं. मी एका दिवसात घातलं. मला गावाला जायची घाई होती."

माणिकबाईने पहिल्यांदाच वर पाहिले.

"मी विचारलं होतं तुमाला," ती म्हणाली.

"हो. विचारलं होतंत."

साहेबांनी जबानी लिहून घेतली. लिहिताना ते एकदा थांबले. "यात मुकादमी जाईल. समजतंय ना?"

"समजतंय. लिहा."

तो पाण्यात उतरला. दाताळे घेऊन कुजलेले शेवाळ ओढून काठावर टाकू लागला. धोंडूही धोतर खोचून आला. मेलेले बाहेर काढले तर बाकीचे वाचतील, एवढाच उपाय होता. पाड्यातल्या विहिरीचे ताजे पाणी बादल्यांनी आणून ओतले. रविवारी गँगला सुट्टी होती, तरी काशीराम आला. सोमवारीही. माणिकबाई त्याच्याशी बोलत नव्हती. ती आपल्या काठाने काम करी, तो आपल्या.

सोमवारी संध्याकाळी त्याने वनमालाला सांगितले, "तू जा. माका जमाचा नाय."

"बाबांक काय सांगू?"

"सांग, काम आसा."

"ह्या सांगण्यासाठी मी इतक्या लांब जाव?" ती म्हणाली. पण गेली. काशीरामने भाऊच्या धक्क्यावर तिची ट्रंक बोटीत चढवून दिली आणि तिथून तो परस्पर जोगेश्वरीला तळ्यावर आला.

पाचव्या दिवशी मासे मरायचे थांबले. दहाव्या दिवशी पाण्याचा तळ दिसू लागला. माणिकबाईने जाळे टाकून पाहिले. एकोणीस रोहू आले. तिने ते एकेक करून परत सोडले आणि काठावर बसलेल्या काशीरामसमोर चहाचा पेला आणून ठेवला.

"अण्णा तळं देतायत दुसऱ्याला?" त्याने विचारले.

"नाय. तुमी बोलल्यावर गप बसले." ती जाळे झटकू लागली. "तुमी गावाला का जानार होतात?"

"म्हातारा आजारी आहे."

ती झटकायची थांबली. मग जाळ्याची घडी घालून घरात गेली.

बाबा आषाढात गेले. पत्र यायला आठ दिवस लागले. वनमाला तिकडेच होती. भावाने लिहिले होते की शेवटी शुद्ध नव्हती, त्रास झाला नाही. काशीरामने चाळीखालच्या न्हाव्याकडून डोके करून घेतले आणि सुतकाचे उरलेले दिवस घरात बसून पाळले.

तो कामावर परतला त्या सकाळी पाऊस उघडला होता. अंधेरीच्या चौकीसमोर गँग ओळीने उभी होती. खात्याचा हुकूम आठवड्यापूर्वीच आला होता. काशीराम घाडी, बिगारी. धोंडू सावंत, मुकादम. धोंडूच्या हातात हजेरीचे पुस्तक होते आणि ते कसे धरावे हे त्याला कळत नव्हते. काशीराम ओळीच्या शेवटी, दशरथ बिगाऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने टोपी काढून बगलेत धरली होती. हजेरीच्या वेळी बिगाऱ्यांनी टोपी काढायची, ही पद्धत त्यानेच लावली होती.

धोंडू एकेक नाव वाचत गेला. शेवटच्या नावापाशी आला आणि अडला. पुस्तकात बघत राहिला. ओळीतले सगळे जमिनीकडे बघू लागले.

"हजर," काशीराम म्हणाला, आणि कोपऱ्यातले दाताळे उचलून खांद्यावर घेतले.