चिंचवडचं रीळ

सुभेदार दौलतराव शितोळे वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि डाव्या हातात फडक्यात गुंडाळलेलं रीळ. ज्योतीरामनं लेथ थांबवलं.

"काय झालं, साहेब?"

"अंगठा मोडला. मासा मोठा होता. तुझा काही दोष नाही."

त्यांनी शिवी हासडली असती तर ज्योतीरामला इतकं लागलं नसतं. रीळ त्यानंच केलं होतं. त्यानं फडकं सोडलं. रिळाची मूठ वाकली होती आणि आतल्या पितळेवर काळे चट्टे उठले होते.

दौलतराव देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झाले होते. सत्तेचाळीस साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज कर्नलनं त्यांना गळाची एक जाड काठी आणि तिला बसणारं पितळी रीळ दिलं होतं. पेन्शनीत गेल्यावर दौलतरावांनी हर्णैच्या हिराजी तांडेलाबरोबर भागीत मचवा घेतला, त्याला इंजिन बसवलं आणि हौशी लोकांना दिवसाच्या बोलीनं समुद्रात न्यायला लागले. गिऱ्हाईक पिंपरीकडचंच. तिकडे नवे कारखाने उभे राहत होते, त्यांत परदेशी इंजिनियर आले होते, आणि त्या लोकांना सुट्टीत एकच ध्यास असायचा : पाठीवर शिडासारखा निळा पर उभारून पाण्याबाहेर उड्या मारणारा तो लांब चोचीचा मासा. त्याला शिडाचा मासा म्हणायचे. तो जाळ्यानं धरण्यात त्यांना मजा नव्हती. काठीनं, एकट्यानं, दमवून धरायचा.

कर्नलचं रीळ दहा वर्षांत झिजलं. परदेशी माल यायचा जवळजवळ बंद झाला होता. मुंबईच्या दुकानदारानं नाही म्हटल्यावर दौलतराव चिंचवडला रंगरावांच्या वर्कशॉपमध्ये आले, आणि रंगरावांनी काम ज्योतीरामकडे दिलं. ज्योतीराम चिखलीचा. घरची शेती थोरला भाऊ बघायचा, हा अकरा वर्षं लेथवर. त्यानं जुनं रीळ उघडून पाहिलं आणि महिन्याभरात हुबेहूब तसंच दुसरं केलं. मासा ओढायला लागला की दोरी हळूहळू सुटत राहावी म्हणून आत ब्रेक होता, पितळी तबकड्यांमध्ये दाबून बसवलेल्या चकत्यांचा. जुन्या चकत्या पार झिजून गेल्या होत्या, म्हणून त्या तेवढ्या त्यानं कडक फायबरच्या घातल्या. त्याची परीक्षाही ज्योतीरामनं घेतली होती. दोरी बैलगाडीला बांधून भावाला गाडी पळवायला लावली होती. रीळ लोण्यासारखं चाललं होतं.

आणि समुद्रावर त्याच रिळानं माणसाचा अंगठा मोडला.

"नक्की काय झालं ते सांगा ना," ज्योतीराम म्हणाला.

"मासा पळाला. रीळ आधी अडलं. मग एकदम सुटलं, पुन्हा अडलं. मूठ गरकन फिरली आणि अंगठ्यावर बसली. दोरी तुटली ती वेगळीच."

रंगराव आतून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, हे आपलं काम नव्हे. आपण इंजिनाचे भाग करणारे. तुमचे पैसे परत घेऊन जा."

"मला बोटीवर न्या," ज्योतीराम म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे बघायला लागले.

"बैलगाडीला बांधून मला काय कळणार? ते तिथं अडतं. तिथंच बघाया पायजे."

"समुद्र बघितलायस कधी?" दौलतरावांनी विचारलं.

"न्हाई."

"आणि काठी कोण धरणार? मला तर दीड महिना हात हलवायचा नाही."

"मीच धरतो."

रंगरावांनी रजा द्यायला कुरकुर केली, पण दिली. घरी भागूबाईनं, त्याच्या बायकोनं, भाकऱ्या बांधून दिल्या आणि एवढंच विचारलं, "पोहाया येतं का तुमास्नी?"

"विहिरीत येतं."

"मग विहिरीएवढ्यातच राहा," ती म्हणाली. तिचा चेहरा मात्र हसरा नव्हता.

दौलतराव आणि ज्योतीराम एस.टी.नं दापोलीला आणि तिथून हर्णैला पोचले. वाकलेली मूठ सरळ करून, चकत्या साफ करून ज्योतीरामनं रीळ बरोबर आणलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना मचवा निघाला. किनारा दिसेनासा व्हायच्या आतच ज्योतीरामच्या पोटात काही उरलं नाही. भाकरी गेली, चहा गेला, मग नुसतं पिवळं पाणी. हिराजी तांडेल सुकाणूवर बसून त्याच्याकडे बघत होता.

"परत फिरू का?" हिराजीनं दौलतरावांना विचारलं.

"फिरायचं न्हाई," ज्योतीराम कठडा धरूनच म्हणाला. "मरत न्हाई मी."

पाणी मातकट होतं ते हिरवं झालं, हिरव्याचं निळं झालं. मागे आमिष ओढत मचवा हळू चालला होता. काठीचा बुंधा ज्योतीरामच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवला होता. ऊन माथ्यावर आलं तेव्हा दोरीला झटका बसला. काठी इतक्या जोरानं वाकली, की तो बसल्या जागेवरून दोन हात पुढे ओढला गेला.

"मुठीला हात लावू नकोस!" दौलतराव ओरडले. "पळू दे त्याला!"

दूर पाण्यातून मासा उसळला. पाठीवरचं शीड पूर्ण उघडलं होतं, उन्हात निळं-जांभळं चमकत होतं. ज्योतीरामनं तो एकदाच पाहिला. नंतर त्याचे डोळे रिळावरच होते, आणि डोळ्यांपेक्षा तळहात. काठीतून एक थरथर येत होती. अड, सूट. अड, सूट. ही थरथर त्याच्या ओळखीची होती. लेथवर हत्यार नीट धार लावलेलं नसलं, की ते लोखंड कापत नाही, त्यावरून उड्या मारत जातं आणि माल खराब करतं. तेव्हा हाताला असंच लागतं. बैलगाडी एका चालीनं ओढत होती, म्हणून तिथं ते कळलं नव्हतं. मासा एका चालीनं ओढत नव्हता. तो थांबायचा, वळायचा, उडी घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी नव्यानं निघताना ब्रेक आधी चिकटायचा आणि मग सुटायचा.

चौथ्या उडीला दोरी तुटली. काठी सरळ झाली. ज्योतीराम मागे फळ्यांवर आपटला.

दौलतरावांनी डाव्या हातानं तुटक्या दोरीचं टोक धरून पाहिलं. मग म्हणाले, "येत्या रविवारी पिंपरीचे साहेब लोक येणार आहेत. मी त्यांना नाही म्हणून कळवतो. मचव्यातला माझा वाटाही आता हिराजीनं घ्यावा. झालं एवढं पुष्कळ झालं."

"साहेब, मला कळलं."

"काय कळलं?"

"का अडतं ते. चकत्या बदलाया पायजेत. ह्या कडक हायेत, कोरड्या असतात तोवर चिकटतात, पाणी लागलं की निसटतात. काहीतरी मऊ पायजे. कोरडं असू दे न्हाईतर ओलं, सारखंच चालंल असं."

"आणि ते हर्णैत कुठं मिळणार?"

"बघू या की."

त्याच संध्याकाळी तो बाजारात चांभाराच्या दुकानी गेला. नवं चामडं त्यानं बोटांनी दाबून पाहिलं आणि बाजूला सारलं. कोपऱ्यात बैलाच्या गळ्यातला एक घुंगरांचा पट्टा दुरुस्तीला येऊन पडला होता, मालकानं पुन्हा नेलाच नव्हता. वर्षानुवर्षं घाम, पाऊस आणि तेल प्यालेला. ज्योतीरामनं तो वाकवला, पिळला. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, त्याला असा पट्टा कशानंही कडक होत नाही हे ठाऊक होतं. चांभाराची रापी मागून घेऊन त्यानं तिथंच बसून सहा चकत्या कापल्या. हिराजीकडे मचव्याच्या लाकडाला लावायचं मुशी माशाचं तेल होतं. त्या तेलात चकत्या रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी रिळातल्या पितळी तबकड्या पाट्यावर पाणी टाकून घासून घासून आरशासारख्या केल्या. हिराजीची बायको मंजुळाबाई मसाला वाटायला थांबली होती. "माझ्या पाट्याला आता पितळेचा वास येणार," ती म्हणाली.

त्या दिवशी एकही मासा लागला नाही. ज्योतीरामला पुन्हा उलट्या झाल्या, पण कमी. दुसऱ्या दिवशी वारा होता म्हणून हिराजीनं मचवा काढला नाही. रजेचे दिवस संपत आले होते. दौलतराव म्हणाले, "तू जा. मी रंगरावांना तोंड देऊ शकणार नाही."

"शेठला मी बघून घेतो. मासा लागल्याशिवाय जायचं न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळीच लागला. या वेळी ज्योतीराम पाय रोवून बसला होता. मासा पळाला आणि रीळ चालू लागलं. काठीतून थरथर आली नाही. शंभर वार, दोनशे वार, दोरी एका सुरात जात राहिली. मासा उसळला, थांबला, पुन्हा निघाला, आणि ब्रेक त्याच्याबरोबर थांबला आणि त्याच्याबरोबर निघाला.

"चाललं!" ज्योतीराम ओरडला. "साहेब, चाललं!"

"अरे, रिळाकडे काय बघतोस? माशाकडे बघ! आता ओढ!"

तो ओढायला लागला. काठी उचलायची, खाली आणताना दोरी गुंडाळायची. मासा पुन्हा पळायचा आणि गुंडाळलेलं सगळं घेऊन जायचा. तासाभरानं ज्योतीरामचे दंड बधिर झाले, कमरेला बुंध्यानं वळ उठला. दौलतरावांनी डाव्या हातानं त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

"सोडतोस का? हिराजी धरेल."

"न्हाई. रीळ माझं हाय."

दुपार व्हायच्या सुमाराला मासा बाजूला आला. शीड मिटलेलं, अंगावरचा निळा रंग उतरून तांबूस-करडा झालेला. हिराजीनं ओल्या पोत्यानं त्याची चोच धरली आणि त्यानं आणि ज्योतीरामनं मिळून त्याला आत घेतलं. पाऊण मण तरी असेल. ज्योतीराम खाली बसला आणि त्यानं माशाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग खिशातला पाना काढून तिथंच रीळ उघडायला घेतलं.

"आधी पाणी तरी पी," दौलतराव म्हणाले.

सहापैकी पाच चकत्या शाबूत होत्या. एकीची कड करपली होती. "ही नीट बसली नव्हती," तो म्हणाला. "रविवारच्या आत बदलतो."

"म्हणजे तू थांबणार?"

"साहेब लोकांच्या हातात चाललेलं बघायचं हाय. एका माशावर काय खरं?"

हिराजीनं मासा कापून वाडीत वाटला. ज्योतीरामनं तुळशीची माळ घातली नव्हती, तरी समुद्राचा मासा त्यानं कधी खाल्ला नव्हता. मंजुळाबाईनं केलेलं कालवण त्यानं दोनदा मागून घेतलं.

रविवारी पिंपरीचे दोन इंजिनियर आले. त्यातल्या उंच माणसानं रीळ फिरवून, कानाला लावून पाहिलं आणि कुठल्या देशाचं म्हणून विचारलं. दौलतरावांनी इंग्रजीत सांगितलं, चिंचवडचं. तो मान हलवून हसला. त्याला ते काही पटलं नाही. ज्योतीराम मागच्या फळीवर बसला होता आणि त्याला कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी दोन मासे लागले. एक गळातून सुटला, एक हाती आला. दोरी मात्र एकदाही तुटली नाही.

मंगळवारी ज्योतीराम वर्कशॉपवर हजर झाला तेव्हा रजेवर चार दिवस जास्त झाले होते. रंगरावांनी त्याला दारातच अडवलं.

"काय रे, मासेच धरणार का आता?"

"न्हाई, शेठ. मला उलट्या होतात." त्यानं डबा खुंटीला अडकवला. "पण सुभेदारसाहेबांना अजून दोन रिळं पायजेत. पितळेची कांडी कुठली घेऊ?"

 रंगरावांनी मागच्या कोपऱ्यातल्या कांड्यांकडे हात केला. ज्योतीरामनं एक उचलून आणली आणि लेथ सुरू केलं.